तुम्ही विचारलंत म्हणून: देवाची गाणी आणि आपलं स्वप्न

प्रार्थनासभा संपली की कोणीतरी घुटमळत मागे थांबतं. हातात बहुधा वही असते, आणि ती उघडायच्या आधीच प्रश्न येतो. "ताई, मी गाणी लिहितो. देवासाठीच लिहितो. पण ती लोकांनी गावीत, रेकॉर्ड व्हावीत, याच वाटेने पुढे जावं असंही फार वाटतं. हा अहंकार तर नाही ना?" कधी विचारणारी सतरा वर्षांची मुलगी असते, कधी निवृत्त झालेले काका. प्रश्न तोच असतो, आणि विचारताना आवाज खाली जातो तोही तसाच. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून आज बसून लिहितेय.

नाही, हा अहंकार नाही. मला तर उलट वाटतं: वही कपाटात ठेवून दिली की गाणं अर्धंच राहतं.

बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाचा ३१ वा अध्याय काढा. तिथे बसालेल नावाचा एक कारागीर भेटतो. देव म्हणतो, मी याला माझ्या आत्म्याने भरलंय. कशासाठी? भविष्य सांगायला नाही, लढाया जिंकायला नाही. सोनं, चांदी, पितळ घडवायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. म्हणजे हातातलं कसब हीच त्या आत्म्याच्या भरण्याची खूण. बायबलच्याच 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात मंदिरातल्या गायकांची मोजदाद आहे, २८८, आणि ते शिकलेले, निपुण होते असं मुद्दाम नोंदवलंय. ३३ वं स्तोत्र तर एकाच ओळीत दोन गोष्टी मागतं: गीत नवं हवं आणि वादन कुशल हवं. "माझा भाव खरा आहे, शब्द कसेही असले तरी देव समजून घेईल" असं कोणी म्हणालं की मला ही ओळ आठवते. देव समजून घेईलच हो. पण शेजारी बसलेल्या माणसाला ते गाणं गायचं आहे.

ही गोष्ट मला एका आजींनी शिकवली. माझं एक गीत होतं, त्याच्या ध्रुवपदाची ओळ "तुझ्या दारी मी उभी". दोन आठवडे घासूनपुसून, चाल बसवून मी ते सभेत नेलं. पहिल्या रांगेतल्या आजींना कागदावरचं दिसत नव्हतं, त्या ऐकून ऐकून गात होत्या. तिसऱ्या वेळी माझ्या कानावर आलं, त्या "माझ्या दारी तू उभा" गातायत. आधी वाटलं, सभा संपल्यावर हळूच सांगावं. पण पुढचं कडवं संपेपर्यंत मी स्वतःच गप्प झाले होते. अक्षरं तितकीच, ठेका तोच, आणि अर्थ मात्र उलटा फिरला होता. मी देवाच्या दाराशी ताटकळणारी बाई लिहिली होती. आजींच्या ओळीत देवच बाहेर थांबला होता, आणि कडी आतून आपणच लावलेली. शिवाय त्या ओळीचा शेवट लांबवायचा होता. "उभी"वर गळा आवळत होता, "उभा"च्या आकारावर तो मोकळा झाला. त्या रात्री मी वहीत ओळ बदलली. ती वही कपाटातच राहिली असती, तर आजही ती ओळ चुकीचीच असती आणि मला कळलंही नसतं.

म्हणून गाणं दुसऱ्याच्या गळ्यात द्या. ते तिथे अडखळतं, तिथे सुधारतं. जोडाक्षर लांब सुरावर येत असेल तर लोक ते गिळतात. श्वास घ्यायला जागा नसेल तर ओळीचा शेवटचा शब्द हरवतो. "अस्तित्व", "अनंतत्व" असले शब्द कागदावर भारदस्त दिसतात, पण गर्दीच्या तोंडी त्यांचा भुगा होतो. अभंगाकडे बघा: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक, आणि शेवटचा आखूड चरण. दमलेल्या माणसालाही तो पेलतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांना हे नेमकं कळलं होतं. चर्चच्या मंडळ्यांमध्ये परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं चालत असताना त्यांनी अभंग आणि भजन हाती घेतलं. ज्या भाषेत आपण रडतो त्याच भाषेत प्रार्थना करायची मोकळीक त्यामुळे पुढच्यांना मिळाली. हे धाडस होतं, आणि एका कवीच्या स्वप्नाशिवाय ते झालं नसतं.

"आता वय झालं" म्हणणाऱ्यांना मी अमेरिकन गीतकार फॅनी क्रॉस्बीबद्दल सांगते. अगदी तान्ह्या वयात तिची दृष्टी गेली होती. कविता, लोकप्रिय गाण्यांचे शब्द असं बरंच तिने आधी लिहिलं, पण भक्तिगीतांकडे ती खऱ्या अर्थाने १८६४ मध्ये वळली, चाळिशी ओलांडल्यावर. गीत पूर्ण डोक्यात रचायची आणि मग दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. १९१५ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या नावावर आठ हजारांहून जास्त गीतं होती.

पैशाबद्दल थोडक्यात. मोबदला मागितल्याने भक्ती कमी होत नाही. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे हक्कही वेगळे. माझं एक गीत माझ्या नावाशिवाय बाहेर आलं, कारण "देवाचं काम आहे" म्हणून मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. राग आवरायला मला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात एकही गाणं आलं नाही. तेव्हा आधी कागद करा, प्रेमाने करा, पण करा. नोकरी मात्र घाईने सोडू नका. पहाटेच्या एका तासात पुष्कळ गाणी झाली आहेत.

एक गोष्ट मला कोणी विचारत नाही, तरी सांगते. फक्त आनंदाचीच गाणी लिहू नका. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. सभेत असा एक माणूस नक्की बसलेला असतो, ज्याच्याच्याने या आठवड्यात "हल्लेलुया" म्हणवत नाही. त्याच्यासाठी गाणं कोण लिहिणार? तुमच्यावर तशी रात्र येऊन गेली असेल तर तुम्हीच. विश्वास कमी दिसेल या भीतीने ती वही लपवू नका. त्या माणसाला तीच हवी आहे.

येत्या रविवारी वहीतलं एकच गीत काढा, सगळ्यात चांगलं वाटणारं नको, सगळ्यात खरं वाटणारं. चार-पाच जणांना थांबवून घ्या. कागद वाटू नका. दोनदा म्हणून दाखवा, तिसऱ्या वेळी त्यांना गाऊ द्या आणि स्वतः गप्प बसा. कुठे शब्द चुकतो, कुठे श्वास तुटतो, कुठे एखादी आजी तुमच्यापेक्षा बरी ओळ म्हणून जाते, ते ऐका. मग वही घेऊन पुन्हा माझ्याकडे या. मी थांबेन.