तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीचे पैसे भरायचे का?

उन्हाळ्याच्या तोंडावर फोन सुरू होतात. ‘सर, मुंबईच्या गॅलरीत माझ्या चित्रांचं सिलेक्शन झालंय, भिंतीवर लावायचे 18 हजार भरायचेत. भरू का?’ मागून वडिलांचा आवाज येतो, ‘विचार तेस्ले, आते काय करानं?’ शेवटची तारीख परवा असते. ती कायम परवाच असते.

मी सरळ हो किंवा नाही म्हणत नाही, म्हणून मी टाळतो असं बऱ्याच जणांना वाटतं. एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. भाड्याने मिळणारं दालन म्हणजे फसवणूक नव्हे. 1952 साली उभी राहिलेली मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी कलावंतांकडून भाडं घेऊनच दालन देते. अर्ज करा, निवड होऊ द्या, काही वर्षं नंबराची वाट बघा, मग भाडं भरा आणि आठवडाभर चित्रं लावा. व्यवहार उघड आहे. भिंत तुमची, विक्री तुमची, फजितीही तुमचीच. माझं भांडण आहे ते ‘सिलेक्शन’ या शब्दाशी. इन्स्टाग्रामवर तुमची चार चित्रं बघून कुणीतरी ‘निवड’ करतं आणि दुसऱ्या मेसेजमध्ये खातं क्रमांक पाठवतं.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरकडच्या एका मुलाच्या अशाच प्रदर्शनाचा हिशेब माझ्याकडे आहे. पावत्या त्याने जपून ठेवल्या होत्या म्हणून आकडे पक्के आहेत.

सहभाग शुल्क 18,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,240. हा जीएसटी मेसेजमध्ये नव्हता, बिलात उगवला. 24 बाय 30 इंचांच्या 3 कॅनव्हासना फ्रेम, प्रत्येकी 2,200 प्रमाणे 6,600. पॅकिंग आणि रेल्वेने येणं-जाणं 3,160. राहण्याचा खर्च शून्य, कारण डोंबिवलीला मावशी. परतीचा माल ट्रान्सपोर्टने ‘टू पे’ आला, म्हणजे भाडं सोडवून घेणाऱ्याने भरायचं, त्याचे 1,100. एकूण 32,100.

आता भिंतीचा हिशेब, जो पैसे भरण्याआधी कुणी करत नाही. कलावंत 28, प्रत्येकी 3 चित्रं, म्हणजे 84. दोन फुटी चित्राला मोकळ्या जागेसह 3 फूट लागतात, म्हणजे 252 फूट भिंत हवी. हॉलची भिंत दारं-खिडक्या वगळून 120 फूट. साहजिकच चित्रं दोन ओळींत लागली. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर यावा, तो नजरेत बसतो. खालच्या ओळीतलं चित्र बघायला वाकावं लागतं, आणि प्रदर्शनात फक्त नातेवाईक वाकतात. या मुलाची दोन चित्रं खालच्या ओळीत होती.

120 फूट भागिले 28, म्हणजे माणशी सव्वाचार फूट. जीएसटी सोडूनही भाव पडला फुटाला 4,200 रुपये. रावेर-यावलकडचा केळीवाला क्विंटलचा भाव आणि कटती (वजनातली कपात) विचारल्याशिवाय घडाला हात लावू देत नाही. त्याच घरातली पोरं भिंतीचा भाव विचारत नाहीत, कारण ‘कला’ म्हटलं की भाव विचारायची लाज वाटते.

आणि समोरच्या बाजूला? 28 गुणिले 18,000, म्हणजे 5 लाख 4 हजार. एकही चित्र विकलं जाण्याआधी. हॉल, कॅटलॉग आणि उद्घाटनाचा चहा त्यातूनच गेला असेल, हे मान्य. पण ज्याचे पैसे आधीच निघाले, तो गिऱ्हाईक कशाला शोधेल? त्याचं गिऱ्हाईक तर 28 जणांच्या रूपाने आधीच हॉलमध्ये उभं होतं. केळीला कटती लावणारा व्यापारी निदान माल तरी उचलतो.

पॅकिंगमध्येही चूक झाली, आणि ती गॅलरीची नव्हती. मे महिना, जळगावात 45 अंश. ॲक्रेलिकचा थर उन्हात मऊ पडतो. त्याने बबल रॅप फुगे आत करून थेट रंगावर गुंडाळला, वर दोरी आवळली. मुंबईत उघडलं तेव्हा एका आकाशावर ओळीने गोल ठसे उमटले होते. एका पाहुण्याने ‘टेक्स्चर छान आहे’ म्हटलं. रंगाला आधी बेकरीवाले ट्रेमध्ये घालतात तो सिलिकॉनचा कागद लावायचा, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला, मग कोपऱ्यांना पुठ्ठा आणि सगळ्यावर पुठ्ठ्याचं खोकं. काच असेल तर तिच्यावर चिकटपट्टीच्या आडव्या-उभ्या रेघा, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर सांडत नाहीत.

एक चित्र विकलं गेलं, 15,000 ला. शुल्क घेऊनही 40 टक्के कमिशन होतंच. 6,000 गेले, 9,000 हातात आले, तेही तीन महिन्यांनी. वजा करा: 23,100 रुपयांचा खड्डा. उरलेल्या दोन फ्रेमपैकी एकीचा कोपरा उघडून आला.

हे सगळं चालतं असं धरू. पण त्याने विचारलं, ‘चित्र कुणी घेतलं?’ उत्तर आलं, ‘ग्राहकांची माहिती आम्ही देत नाही.’ त्या एका उत्तरावर मी अजून अडून आहे. जामनेरकडच्या पोराला 9,000 पेक्षा ते नाव मोलाचं होतं. ज्याने एकदा भिंतीवर तुमचं चित्र लावलं, तो दुसरंही घेऊ शकतो, निदान पुढच्या वेळी फोन तरी उचलतो. पैसे पोराने भरले आणि ओळख गॅलरीची झाली.

पूर्वी मी एकच उत्तर द्यायचो: एक रुपयाही देऊ नका. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचा दाखला तोंडावर असायचा. घराचा उंबरठा क्वचितच ओलांडूनही जगभर बक्षिसं मिळवली त्यांनी. आता तो दाखला देताना माझीच जीभ अडखळते. मूस विलायतेत शिकून आलेले, राहायला हक्काचा बंगला, आणि फोटो पाकिटातून टपालाने जातो. चार फुटी कॅनव्हास जात नाही. आमच्याकडे हॉल मिळतो तो साखरपुड्याच्या हिशेबाने: खिळा मारायचा नाही, छतावर ट्यूबलाइट, मागे फुलांचा पडदा. ‘पैसे भरू नका’ असं सांगितल्यावर ‘मग दाखवू कुठे?’ हा प्रश्न येणारच, आणि त्यावर माझ्याजवळ राज्य कला प्रदर्शन आणि जुन्या आर्ट सोसायट्यांची वार्षिक प्रदर्शनं यापलीकडे फारसं काही नसतं. तिथेही काही ठिकाणी प्रवेशशुल्क असतंच, पण ते परवडण्याजोगं असतं आणि नापसंती झाली की चित्र परत येतं. पैसे भरूनही नाकारलं जाण्याची शक्यता असते, म्हणून तिथल्या निवडीला अर्थ आहे.

तेव्हा भरायचेच असतील तर आधी लेखी घ्या. एकूण कलावंत किती, भिंत किती फूट, मला किती, ओळी किती. शुल्क जीएसटीसह की वेगळं. शुल्क घेतल्यावर कमिशन कशाचं, आणि विक्रीचे पैसे किती दिवसांत. वाहतुकीत आणि भिंतीवर असताना नुकसान झालं तर कोण भरणार. आणि सर्वांत आधी, घेणाऱ्याचं नाव मला मिळेल का. ‘व्हॉट्सॲपवर बोललोय ना’ हे उत्तर आलं तर थांबा. फुटाचा भाव काढा आणि तेवढ्यात तीन-चार मित्रांनी मिळून आठवडाभर दालन भाड्याने घेता येतं का ते बघा. कधी येतं, कधी नाही.

इथवर माझी बाजू भक्कम दिसते. पण त्याच मुलाने पुढे कलाशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा त्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमधलं आपलं पान जोडलं होतं. समितीने तेच पान उलटसुलट करून बघितलं. नोकरी लागली. वडील म्हणतात पैसे वसूल झाले, आणि त्यांना खोडून काढायला माझ्याकडे हिशेब आहे, पण उत्तर नाही.

यंदा त्याने पुन्हा पैसे भरलेत. या वेळी मला विचारलं नाही. फोन केला तो सिलिकॉनचा कागद जळगावात कुठे मिळतो, हे विचारायला.