आमची वाटचाल : लाल वहीतला नंबर

वडिलांनी नवी पेठेत घड्याळदुरुस्तीचं टेबल टाकलं तेव्हा सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचं. एचएमटीचा बंगळुरूचा घड्याळांचा कारखाना १९६१ चा, आमचं दुकान त्याच सुमाराचं. सामान म्हणजे एक आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, दोन चिमटे, स्क्रूड्रायव्हरचा जोड आणि लाल वही. आलेल्या प्रत्येक घड्याळाचा केस नंबर, मशीन नंबर वहीत लिहायचा आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची. नंबर नसेल तर काचेवरचा ओरखडा लिहायचा. मी वैतागायचो.

मधली वर्षं बरी गेली. मग सेलची घड्याळं आली, गिरण्यांचे भोंगे थांबले आणि समोर काचेच्या दाराचं शोरूम उघडलं. त्याचा राग नाही, धंदा आहे. पण त्या मालकानं पेठेत पुडी सोडून दिली की आम्ही ओरिजिनल मशीन काढून डुप्लिकेट बसवतो. घड्याळजीवर एवढा आळ आला की संपलंच, कारण झाकणाखाली काय आहे ते गिऱ्हाइकाला कुठं दिसतं? त्या उन्हाळ्यात दिवसाला दोन सेल बदलायचे, एवढंच काम उरलं. कारागिराला घरी बसवलं. वडिलांचा हातलेथ विकला. पितळी चाकाचा तो लेथ, त्यावर त्यांनी कितीतरी बॅलन्स स्टाफ, म्हणजे घड्याळातल्या झुलत्या चाकाचे आस, कातले होते. तो ज्यानं नेला त्यानं वजन करून नेला.

अप्पा चादरींचे व्यापारी. दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी त्यांचं पियाजे हे स्विस घड्याळ तेलपाण्याला यायचं. अठरा कॅरेट सोनं, दोनच काटे, आत ९पी मशीन. १९५७ साली निघालेलं हे चावीचं मशीन अवघं २ मिलिमीटर जाड. अक्षता सोहळ्याला पांढऱ्या बाराबंदीच्या बाहीखाली ते कुणाला दिसायचंसुद्धा नाही. अशा मशीनला हात लावणं सोपं नाही. स्क्रू जरा जास्त आवळला की ब्रिज, म्हणजे चाकं धरणारी पट्टी, वाकतो, चाक अडतं. तेल सुईच्या टोकाला येईल तेवढंच. दोन काट्यांमध्ये कागद सरकवून पाहावा लागतो.

त्या वाईट दिवसांत अप्पा ऐन संध्याकाळच्या गर्दीत दुकानात आले. "मालक, उघडा हे. इथंच, सगळ्यांसमोर." मी झाकण काढलं. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावून नंबर मोठ्यानं वाचला आणि वडिलांच्या हातची जुनी नोंद बोट ठेवून शेजाऱ्यांना दाखवली. खाली त्यांचीच सही. बाकी काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक हळूहळू परतलं.

अप्पा गेले. सूनबाई घड्याळ घेऊन आल्या. "काका, विकायचंय. समोरचे सोन्याच्या वजनानं घेतो म्हणतात." वजनानं! इतक्या पातळ केसमध्ये सोनं ते किती, त्यातही ७५ टक्केच शुद्ध. किंमत मशीनची, मूळ डायलची, न घासलेल्या कडांची. केसवर हेल्वेशियाच्या, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, मुखवट्याचा स्विस शिक्का स्वच्छ आहे. १९९५ पासून तिथं सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं येतं, म्हणजे माल त्याआधीचा. आणि नंबर अजूनही वहीशी जुळतो.

आता ते आमच्या काउंटरमध्ये आहे, सूनबाईंच्या वतीनं. कुणाकडे असं घड्याळ असेल तर ऐका : पॉलिश करू नका, कडा जातात. चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या, अडली की थांबा. झाकण घरी चाकूनं उघडू नका. हात धुताना काढून ठेवा, ही पाण्याची घड्याळं नव्हेत. आणि वजनकाट्यावर तर ठेवूच नका.

गेल्या आठवड्यात समोरच्यांचा मुलगा आला. नम्र पोरगा, बापासारखा नाही. घड्याळाचा भाव विचारला. मी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, भाव सांगितला. मग म्हणाला, "काका, आतलं मशीन बघू का?"

वही काढून त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, "आधी हा नंबर वाच. मोठ्यानं."