‘समजले का?’ या प्रश्नाचे उत्तर

परदेशात इंग्रजी शिकवायला जाऊ पाहणाऱ्या शिक्षकांकडून मी मुलाखतीची तयारी करून घेते. एका शिक्षिकेची सराव मुलाखत त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ठरली होती आणि खरी मुलाखत अवघ्या दोन दिवसांवर आली होती. आमच्याच देशात का यायचे आहे, वर्ग आवरेनासा झाला तर काय कराल, या नेहमीच्या प्रश्नांना त्यांनी अस्खलित उत्तरे दिली. सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षण अभ्यासक्रमात परीक्षकांसमोर सहा तास शिकवल्याचा अनुभवही त्यांनी नेमकेपणाने सांगितला.

मग मी म्हटले, “मी ए-टू पातळीची, म्हणजे प्राथमिक इंग्रजी येणारी विद्यार्थिनी आहे असे समजा. ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ यांतला फरक मला शिकवा.”

त्यांनी व्याख्या सांगितली. ती अचूक होती, परंतु तिच्यातला प्रत्येक शब्द मूळ वाक्याहून अवघड होता. शेवटी त्यांनी ‘डू यू अंडरस्टँड?’ असे विचारले आणि मी मुद्दाम मान डोलावली.

“मला समजले, हे तुम्हाला कशावरून कळले?” या माझ्या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

माझ्या मते मुलाखतीचा खरा कस इथेच लागतो, कारण न समजलेला विद्यार्थीही संकोचाने ‘हो’ म्हणतो आणि मुलाखत घेणाऱ्या अनुभवी शिक्षकाला हे पक्के ठाऊक असते. उरलेला तासभर आम्ही या एकाच मुद्द्याला दिला. व्याख्या बाजूला ठेवून त्यांनी टेबलावरची किल्ली खणात टाकली, रिकामा तळहात कॅमेऱ्यासमोर धरला आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ एवढेच म्हटले. त्यानंतर छोटे प्रश्न आले: किल्ली आता माझ्याकडे आहे का? ती केव्हा हरवली, हे या वाक्यातून कळते का? मग ‘आय लॉस्ट माय की’ या वाक्याला ‘यस्टरडे’ जोडून त्यांनी विचारले, आता किल्ली सापडलेली असू शकते का?

पहिल्या दोन वेळा प्रश्न विचारून त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकले. शांतता सोसणे हे शिक्षकाला फार जड जाते, मुलाखतीत तर अधिकच.

तिसऱ्या वेळी मी ‘किल्ली तुमच्याकडे आहे’ असे मुद्दाम चुकीचे उत्तर दिले. त्यांनी ते दुरुस्त केले नाही. रिकामा तळहात पुन्हा वर धरला, तोच प्रश्न हळू आवाजात विचारला आणि त्या थांबून राहिल्या.