शून्य क्रमांकाचं लॉज

ग्लासगोहून आयरच्या गाडीत बसलं की अर्ध्या तासाच्या आसपास किलविनिंग येतं. गाव छोटं. मध्यभागी बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष, आणि जवळच 'मदर किलविनिंग' लॉज, म्हणजे पाथरवटांच्या जुन्या संघांशी नातं सांगणाऱ्या फ्रीमेसन या बंधुसंघटनेची शाखा. स्कॉटलंडमधल्या लॉजना क्रमांक असतात. याचा क्रमांक 0.

या शून्यामागे मानाचं भांडण आहे, आणि मानाच्या गणपतींचा क्रम पाहत वाढलेल्या पुणेकराला ते चटकन कळतं. 1736 मध्ये स्कॉटलंडचं ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजची शिखर संस्था, स्थापन झालं, मग जुनं कोण हे ठरवायला कागद मागवले गेले. एडिनबराच्या लॉजकडे 1599 चं दफ्तर होतं, किलविनिंगचं 1642 पासूनचं. मठ बांधणाऱ्या पाथरवटांपासून आपली परंपरा चालत आली असं इथले लोक सांगत, पण लेखी पुरावा नव्हता. दुसरा क्रमांक मान्य नाही म्हणून 1743 मध्ये ते बाहेर पडले. 1807 मध्ये परतले ते यादीत एक नंबरच्याही वर बसूनच.

मेसन नसलेल्याला दीक्षाविधीला बसता येत नाही. सभा चालू असताना दाराबाहेर 'टायलर' नावाचा पहारेकरी असतो. पण 25 जानेवारी ही कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती, आणि त्या सुमाराच्या जेवणाला पाहुण्यांनाही बोलावतात. बर्न्स स्वतः 1781 मध्ये याच परगण्यातल्या टार्बोल्टनला मेसन झाला होता. आमच्या शेजारच्या आजोबांनी आम्हाला नेलं. आई तेव्हा पुण्याहून आली होती.

सगळे उभे राहिले, बॅगपाइप वाजू लागला आणि लोक ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले. वादकामागून आचारी थाळीत हॅगिस घेऊन आला. हॅगिस म्हणजे मेंढीचं हृदय, यकृत आणि फुप्फुस ओट्स, कांदा, चरबी आणि मिरपूड घालून, पिशवीसारख्या आवरणात भरून शिजवलेलं. आजोबांनी हॅगिसला उद्देशून बर्न्सची कविता म्हणायला घेतली. आठही कडवी पाठ. सुरीची ओळ आली तशी बाही सरसावून त्यांनी खरीच सुरी चालवली, आवरण फाटलं आणि वाफेचा लोट थेट त्यांच्या चष्म्यावर. चष्मा न पुसता त्यांनी पुढचं कडवं पूर्ण केलं. आईने नंतर विचारलं, "आजोबा, हे पाठ कधी केलंत?" ते म्हणाले, "शाळेत. आता नातवाकडून करून घेतोय." आम्हा दोघींना शाकाहारी हॅगिस मिळालं, सोबत सलगम आणि बटाट्याचा लगदा. आईने परत मागून घेतलं.

जेवणानंतर त्यांनी सभागृह दाखवलं. काळ्या-पांढऱ्या चौकटींची जमीन, पूर्वेला अध्यक्षांची खुर्ची. ॲप्रनच्या कडेचा रंग इथे प्रत्येक लॉज आपापला ठरवतं, हेही तिथेच कळलं.

मला मात्र सगळ्यात आवडली ती मुंबईची गोष्ट, आणि ती मीच त्यांना सांगितली. बर्न्सच्या नात्यातला जेम्स बर्न्स नावाचा स्कॉटिश डॉक्टर मुंबईत होता. भारतीयांना लॉजमध्ये सहसा घेत नसत, त्या काळात, 1843 मध्ये, त्याने भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढलं. पारशी समाजातले माणेकजी कर्सेटजी त्यात पुढे होते. आजोबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी नावं कागदावर लिहून घेतली.

लहानपणी लॉजला 'जादूघर' म्हणतात एवढंच मी ऐकलं होतं, आणि आत काय चालतं याची भीतीच जास्त होती. किलविनिंगमध्ये वर्षातून एकदा गाव त्याच दारातून जेवायला आत जातं. आपल्याकडच्या लॉजनीही असा एक दिवस दार उघडावं, असं मला मनापासून वाटतं.

जानेवारीत स्कॉटलंडला येणार असाल तर तिकिटाची चौकशी डिसेंबरातच करा, आणि शाकाहारी असाल तर आधी कळवा. हॅगिस कविता संपेपर्यंत कुणी चाखत नाही, त्यामुळे घरून थोडं खाऊन निघालेलं बरं.