तुम्ही विचारलंत म्हणून : पेवठाणात एकही भूत का नाही

सांगलीत दर रविवारी दुपारी आम्ही सहा जण एका टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन मिळून गोष्ट रचण्याचा खेळ खेळतो. पाच जणांकडे एकेक पात्र असते आणि उरलेले सगळे जग, म्हणजे त्यातली गावे, माणसे, हवामान आणि संकटे, माझ्याकडे असते. या खेळासाठी मी ‘पेवठाण’ नावाचा एक भयप्रद मुलूख रचला. त्याची टिपणे मित्रांकडून त्यांच्या मित्रांकडे गेली आणि तेव्हापासून एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो : “गॉथिक भयकथेचं जग तुम्ही कृष्णाकाठी आणलंत, तर मग आपली भुतं कुठं गेली? मुंजा नाही, हडळ नाही, वेताळ नाही. असं कसं?” विचारणाऱ्याच्या स्वरात थोडी तक्रार असते, जणू मी घरची माणसे पंगतीतून उठवली आहेत. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी मूळ वस्तू कोणती ते सांगायला हवे. या खेळातले सर्वांत गाजलेले भयजग म्हणजे रेव्हनलॉफ्ट. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने लिहिलेले ते साहस 1983 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात एक किल्ला, एक दरी आणि स्ट्राड नावाचा एक रक्तपिपासू सरदार एवढेच होते. 1990 साली त्या किल्ल्याभोवती एक अख्खे जग उभे राहिले. त्या जगातला प्रत्येक मुलूख एकेका पाप्याच्या मालकीचा असतो, मुलखाभोवती धुके असते, आणि मालकाच्या मर्जीवाचून त्या धुक्यातून कोणी बाहेर पडत नाही. यातली खरी खुबी अशी की मालक स्वतःही बाहेर पडू शकत नाही. स्ट्राडने एका स्त्रीच्या हव्यासापोटी सख्ख्या भावाचा जीव घेतला. ती स्त्री त्याला पुन्हा पुन्हा जन्म घेऊन भेटते आणि प्रत्येक वेळी त्याच्या हातून निसटते. मुलूख म्हणजे त्याची जहागीर आणि तोच त्याचा तुरुंग.

माझा पहिला प्रयत्न अगदी सरधोपट होता, आणि तो कसा फसला ते सांगायला मला लाज वाटत नाही. किल्ल्याच्या जागी मी वाडा घातला, सरदाराला पगडी घातली, दिवाणखान्यात आपोआप हलणारा झोपाळा टांगला. किल्ला टाळला तो मुद्दाम, कारण आपल्याकडे किल्ल्याचे नाव काढले की छाती पुढे येते. ज्या वास्तूकडे पाहून माणसे घोषणा देतात, तिच्या पायऱ्या चढताना खेळाडूंच्या पोटात गोळा येत नाही. पण वाड्यानेही काम केले नाही. सरदार हातात समई घेऊन जिन्यावरून सावकाश उतरला, मी आवाज खाली आणला, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्याने विचारले, “मामंजी, चहा टाकू का?” त्या रविवारी पुढे काहीही झाले नाही.

त्यानंतर मी तुम्ही सुचवता तेच केले, म्हणजे भुते बदलली. पिंपळावर मुंजा बसवला, तिकाटण्यावर वेताळ उभा केला. खेळाडूंनी काय करावे? त्यांनी नारळ फोडला, दहीभाताचा उतारा टाकला, मुंजाची राहिलेली सोडमुंज लावून द्यायचे कबूल केले आणि ते पुढे निघाले. मला राग आला, पण चूक त्यांची नव्हती. आपल्या भुतांशी गावाची बोलणी कधीच ठरलेली असतात. वेताळ तर कोकणातल्या कित्येक गावांत राखणदार म्हणून पुजला जातो. त्याचा मान त्याला दिला की तो तुमच्याच बाजूचा. मुंजाचे मागणे काय असते, हडळ कुणाला धरते, कोणत्या वाराला काय ठेवायचे, हे सगळे आजीला ठाऊक असते. हा व्यवहार आहे, आणि ज्याच्याशी व्यवहार जमतो त्याची धास्ती वाटली तरी घुसमट होत नाही. गॉथिक भय घुसमटीवर चालते. तिथे मेलेल्यापेक्षा घराचा मालक अधिक भयंकर असतो, आणि मालक हटत नाही म्हणून घर सुटत नाही. एवढे लक्षात आल्यावर भुतांची यादी मी बाजूला ठेवली आणि स्वतःला दुसराच प्रश्न विचारला : आपल्या भागात माणूस कोंडला जातो तो कशाने, आणि मालकाला सोडवत नाही असे काय असते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सांगलीकराला शोधावे लागत नाही. धुक्याच्या जागी पूर आला. ज्यांनी आमच्याकडचा पूर पाहिलेला नाही त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याचा लोंढा येतो. प्रत्यक्षात कृष्णेचे पाणी आवाज न करता, बोटाबोटाने चढते, आणि पुष्कळदा नदीकडून येण्याऐवजी शेरीनाल्यासारख्या ओढ्यानाल्यांतून उलटे फिरून वस्तीच्या मागच्या दाराशी येते. त्या दिवसांत शहरात नमस्काराऐवजी एकच वाक्य चालते : “आयर्विनला किती?” 1929 साली झालेल्या त्या पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट 2019 मध्ये तो आकडा सत्तावन्नच्या वर गेला होता. पेवठाणात मी हीच पट्टी कागदावर काढून टेबलाच्या मधोमध ठेवतो. खेळाडूंनी वेळ दवडला की खूण एक फूट वर सरकते. मी काहीही वर्णन करत नाही, फक्त पेन्सिल उचलतो, आणि बोलणी थांबतात. मूळ जगातले धुके मला नेहमी थोडे सोयीचे वाटत आले आहे, कारण ते लेखकाला हवे तेव्हा येते. पूर मात्र येताना दिसतो, मोजता येतो, आणि तरी थांबवता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हरिपुरात मिळाले. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायची पेवे होती, म्हणजे जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे आणि पोटाशी रुंद असे खड्डे. तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. पण जी हवा किड्याला मारते तीच माणसालाही मारते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. तोंड बराच वेळ उघडे ठेवतात, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडतात, आणि तो विझला तर आणखी थांबतात. 2005 च्या पुरात यातली पुष्कळ पेवे पाण्याखाली जाऊन ढासळली. हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि तरी ज्या मुलखात जमिनीखाली अशा अंधाऱ्या, श्वास रोखणाऱ्या कोठड्या भरलेल्या आहेत तिथे मी झोपाळा हलवत बसलो होतो!

पेवठाणचा मालक ‘थोरले धनी’ म्हणून ओळखला जातो. दुष्काळाच्या साली त्याची पेवे जोंधळ्याने भरलेली होती आणि दारात माणसे बसून होती. शेवटी भाव मनासारखा चढला तेव्हा त्याने पेव उघडले, आणि मोजदाद लवकर व्हावी म्हणून, कंदील सोडायची वाट न पाहता, धाकट्या भावाला आत उतरवले. भाऊ वर आला नाही. त्याला शोधायला उतरलेले दोघेही आले नाहीत. तेव्हापासून धनी जिथे उभा राहतो तिथला दिवा विझतो. तो रक्त पीत नाही, रात्रीच हिंडत नाही, आरशात दिसतो, सौजन्याने बोलतो आणि हिशोबाला चोख आहे. दरवर्षी पाणी पेवांच्या तोंडाशी येते. धान्य वाटून टाकले तर वाचेल, हे त्याला कळते. पण वहीत नोंद झाल्यावाचून एक पायलीही त्याच्या हातून सुटत नाही, आणि नोंदी पुऱ्या होण्याआधी पाणी आत शिरते. सगळे कुजते. पुढच्या वर्षी पेवे पुन्हा भरलेली असतात.

यात भूत कुठे घालू?

खेळाच्या नियमांत मी फार ढवळाढवळ केली नाही. जुन्या रेव्हनलॉफ्टमध्ये पात्राने दुष्कृत्य केले की अदृश्य शक्तींचे लक्ष त्याच्याकडे वळण्याची शक्यता फाशांवर ठरत असे, आणि लक्ष वळले तर थोडे बळ आणि थोडी विकृती दोन्ही पदरात पडत. त्या जागी माझ्याकडे ‘उचल’ आहे. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतात तिला आपल्याकडे उचल म्हणतात, आणि ती फिटता फिटत नाही हे वेगळे सांगायला नको. पेवठाणात होडी, औषध, कोरडी खोली, काहीही हवे असेल तर धनी लगेच देतो, नाही म्हणत नाही, आणि वहीत लिहितो. खेळाडूंना पहिले दोन रविवार तो फार भला माणूस वाटला. मला सर्वांत आवडलेली अडचण मात्र क्लेरिकने, म्हणजे देवाच्या नावाने शक्ती वापरणारे पात्र घेतलेल्या मुलीने, आणली. प्रेतयोनीला पळवून लावणे ही त्या पात्राची ठेवणीतली शक्ती. प्रेतयोनीच नसेल तर तिने काय करायचे, असे तिने रास्तच विचारले. आता ती शक्ती वापरली की धन्यासमोर कंदील काही क्षण पेटता राहतो. त्या उजेडात तो काय बोलतो हे ऐकण्यासाठी सगळे टेबलावर पुढे वाकतात.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. हे जग पहिल्यांदा खेळवताना मी न्हाणीच्या मोरीतून पाणी बुडबुडत वर येते असे रंगवून सांगत होतो, आणि एक जण काही न बोलता उठून गॅलरीत गेला. त्याच्या घरात 2019 साली छताला हात लागेल इतके पाणी होते, आणि मला ते माहीत होते. दुसऱ्या दिवशी मी सर्वांना बोलावले, आणि या खेळात जी बैठक मुळात सुरू होण्याआधी घ्यायची असते ती उशिरा घेतली : काय चालेल, काय चालणार नाही. पूर नको असे कोणीच म्हणाले नाही. “दावणीला बांधलेली जनावरं नकोत,” एवढेच तो म्हणाला. पेवठाणात दावणी नेहमी रिकाम्या असतात, आणि त्यामागे एवढेच कारण आहे.

भुते टाळण्याचे आणखी एक कारण आहे, आणि खरे सांगायचे तर तेच अधिक वजनाचे आहे. मूळ रेव्हनलॉफ्टमध्ये व्हिस्तानी नावाचे भटके लोक होते : पत्त्यांवर भविष्य सांगणारे, शाप देणारे, सरदाराचे हेर. युरोपातल्या रोमा लोकांविषयीचे जुने पूर्वग्रह त्यात जसेच्या तसे उतरले होते; 2020 साली प्रकाशकांनी ते मान्य करून मजकूर बदलायला घेतला. आता हे जग इथे आणताना व्हिस्तानींच्या जागी कोण बसणार? हात आपोआप पारधी, डोंबारी, वैदू यांच्याकडे जातो. ज्या समाजांतल्या अनेकांवर 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि तो कायद्याच्या पुस्तकातून जायला 1952 साल उजाडले, त्यांना मी करमणुकीसाठी पुन्हा शापवाणी बोलायला लावू? हडळ आणि चेटकीण यांचेही तसेच आहे. बाळंतपणात मेलेल्या बाईला आपण भूत केले आणि एकट्या राहणाऱ्या बाईला चेटकीण ठरवून मारले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो त्यांच्या खुनानंतर 2013 साली झाला. ज्या खेळात गावाने चेटकीण ठरवलेली बाई शेवटी खरोखरच चेटकीण निघते, तो खेळ गावाच्या बाजूने साक्ष देतो. ती साक्ष मला द्यायची नाही.

2021 साली रेव्हनलॉफ्टची जी नवी मांडणी झाली तिच्यात भारताच्या धर्तीवरचा कलाकेरी नावाचा मुलूख आहे आणि तिथे सिंहासनासाठी भावंडांची न संपणारी लढाई चालते. पूर्वीच्या श्री राजी या मुलखापेक्षा तो कितीतरी समजुतीने लिहिला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण राजवाडा आणि सिंहासन यांच्यात माझा जीव रमत नाही. आमच्याकडच्या भांडणात सिंहासन क्वचितच असते. वही असते, सातबारा असतो, बांध असतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मंडळींनी वही जाळली. 1875 साली सुप्यात आणि मग पुणे-नगर भागात कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, हे त्यांतल्या एकीला ठाऊक होते, आणि ती बेत रचताना तेच सांगत होती. वही छान जळली. मग पाणी ओसरले, आणि कुणाचे घर कुठपर्यंत होते, कुणाची किती पोती कुठल्या पेवात होती, याचा एकमेव पुरावाही राखेत गेल्याचे गावाला कळले. धनी कुठेच दिसला नाही. लोक मात्र एकमेकांच्या उंबऱ्यापाशी दोऱ्या घेऊन मापे टाकू लागले, आणि एकाच्या हातातला दिवा विझला.

आता तुमच्यासाठी एक तडजोड केली आहे. येत्या पावसाळ्यात पेवठाणच्या घाटावर एक पिंपळ असेल आणि त्यावर एक मुंजा. तो कुणाला धरणार नाही, काही मागणारही नाही. पाणी कोणत्या फांदीला लागले, एवढेच तो दर तासाला ओरडून सांगेल, कारण वही गेल्यापासून गावात दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर कोणाचा विश्वास उरलेला नाही.