चेनमधलं घर विकताना एजंटकडून काय करून घ्यायचं

मंगळवार

इंग्लंडमध्ये वसंत आला की मराठी घरांतून एक बोलणं सुरू होतं. लंडनच्या हॅरोतला दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आणि मुलांच्या शाळेसाठी रेडिंग किंवा मिल्टन कीन्सकडे मोठं घर घ्यायचं. मग कुठला एजंट जास्त भाव सांगतोय यावर तास जातात. मला वाटतं, विचार दुसऱ्या टोकाकडून करायला हवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑफर स्वीकारली म्हणून घर विकलं जात नाही. कॉन्ट्रॅक्टचं एक्स्चेंज (सही केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत कुणीच कुणाला बांधलेलं नसतं. घेणारा कारण न सांगता निघून जाऊ शकतो, विकणाराही. ऑफर आणि एक्स्चेंज यांच्यात चार-पाच महिने सहज जातात. त्या काळात चेन, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या घरविक्रींची साखळी, तुटू न देणं हे एजंटचं खरं काम आहे, आणि त्याची फी मुख्यतः त्यासाठीच मोजायची.

चेनच्या तळाशी पहिलंच घर घेणारं एखादं जोडपं असतं. ते तुमचा फ्लॅट घेतात, तुम्ही तिसऱ्याचं घर घेता, तो चौथ्याचं, आणि सगळ्यात वर कुणीतरी रिकामं घर विकणारा. सगळ्यांचं एक्स्चेंज एकाच दिवशी व्हावं लागतं, ताबाही बहुधा एकाच दिवशी. सॉलिसिटर (व्यवहाराचे कागद करणारा वकील) फक्त लगतच्या सॉलिसिटरशी बोलतो, दोन घरांपलीकडे काय अडलंय हे त्याला कळतच नाही. वरपासून खालपर्यंत फोन फिरवू शकतो तो एजंटच. म्हणून एजंट निवडताना त्याला विचारायचं: ऑफरनंतर माझी फाइल कोण बघणार? तो माणूस याच शाखेत बसतो की दुसऱ्या गावातल्या मुख्य ऑफिसात? त्याच्याकडे एका वेळी किती फाइली असतात? गेल्या वर्षी या शाखेच्या ठरलेल्या सौद्यांपैकी किती मोडले? आकडे न सांगता जो विषय बदलतो, त्याचा भाव कितीही गोड असला तरी त्याला बाजूला ठेवावं. भावासाठी त्याच रस्त्यावर गेल्या सहा महिन्यांत खरोखर विकल्या गेलेल्या घरांच्या किमती बघाव्यात. लँड रजिस्ट्रीत त्या सगळ्यांना खुल्या असतात. जाहिरातीत मागितलेल्या किमतींवरून काही ठरवू नये.

करार वाचताना तीन गोष्टी शोधायच्या. ‘सोल एजन्सी’ असेल तर तुम्ही स्वतःच घेणारा शोधला तर फी लागत नाही. ‘सोल सेलिंग राइट्स’ असेल तर तुमच्या मावसभावाला घर विकलं तरी फी द्यावी लागते. ‘रेडी, विलिंग अँड एबल पर्चेसर’ हे कलम दिसलं तर ते काढून टाकायला सांगायचं, कारण त्यात घेणारा मिळाला की विक्री पूर्ण न होताही फी लागू होऊ शकते. तिसरी गोष्ट म्हणजे मुदत. सोळा आठवडे छापलेले असतात, ते आठ ते दहावर आणता येतात, पुढे दोन आठवड्यांची नोटीस. फी साधारण 1 ते 1.5 टक्के, वर 20 टक्के व्हॅट. 4,00,000 पौंडांच्या फ्लॅटवर 1.25 टक्के म्हणजे 5,000 आणि व्हॅटचे 1,000. बोलणी करताना आकडा व्हॅटसकट आहे की नाही हे नक्की करून घ्यायचं. सही घरी बसून केली असेल तर 14 दिवसांत करार रद्द करता येतो.

गुरुवार

ऑफर आली की एजंट उत्साहात असतो आणि नेमका तेव्हाच आपण शांत राहायचं. एक्स्चेंजपर्यंत आलेली प्रत्येक ऑफर त्याने लवकरात लवकर लेखी कळवायची असते, घेणारा त्याच्या ऑफिसातून मॉर्गेज घेतोय की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. 3,95,000 ची ऑफर देणारा, ज्याच्याखाली कुणी नाही आणि ज्याच्याकडे मॉर्गेजची तत्त्वतः मंजुरी आहे, तो 4,02,000 देणाऱ्यापेक्षा माझ्या मते बरा, जर त्या दुसऱ्याचं स्वतःचं घर अजून बाजारात पडून असेल. खालच्या प्रत्येक घराची ऑफर पक्की आहे का, हे एजंटने त्या-त्या एजंटला फोन करून तपासायचं असतं, आणि तेही आपण होकार द्यायच्या आधी. घेणाऱ्याच्या नुसत्या सांगण्यावर जायचं नाही.

एक गोष्ट भले भले विसरतात. जे घर आपल्याला घ्यायचंय, त्याचा एजंट आपला नसतो. तो त्या विकणाऱ्यासाठी काम करतो. तो कितीही आपुलकीने बोलला तरी ‘आम्ही आणखी दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो’ हे वाक्य त्याच्यासमोर निघता कामा नये. त्याच्या मॉर्गेज सल्लागाराशी बोलतानाही हे पथ्य पाळावं.

मेमोरँडम ऑफ सेल (ठरलेल्या सौद्याचा एजंटने पाठवलेला तपशील) हातात आला की एक तक्ता करायचा. कागदावर चालेल. प्रत्येक घराला एक ओळ. रकाने असे: एजंट, सॉलिसिटर, मॉर्गेज ऑफर आली का आणि कधीपर्यंत चालणार, सर्व्हे झाला का, सर्चेस (घराबद्दल काऊन्सिल वगैरेंकडून घ्यायची माहिती) मागवल्या कधी आणि आल्या कधी, किती एन्क्वायरी (घेणाऱ्याच्या सॉलिसिटरचे प्रश्न) उत्तराविना आहेत, सही केलेला करार सॉलिसिटरकडे पोचला का, आणि ताब्यासाठी नको असलेल्या तारखा. हा तक्ता एजंटला पाठवायचा आणि ठरलेल्या वारी, समजा दर मंगळवारी, त्याच्याकडून भरून घ्यायचा. ‘सगळं व्यवस्थित चाललंय’ हे उत्तर मान्य करायचं नाही. ‘सॉलिसिटरची वाट बघतोय’ म्हणाला तर कुठली एन्क्वायरी, कधी पाठवली, आता कुणाच्या टेबलावर आहे हे विचारायचं. नको असलेल्या तारखांचा रकाना आपल्यासाठी फार महत्त्वाचा. पितृपक्षात ताबा नको असेल तर ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं पाहिजे. एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी सांगितलं तर चार घरांच्या गाड्या आणि सुट्ट्या विस्कटतात. वास्तुशांत मात्र ताब्यानंतर सोयीच्या मुहूर्तावर करता येते, त्यासाठी चेन थांबवू नये.

कुठे अडतं? फ्लॅट लीजहोल्ड (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) असेल तर सगळ्यात आधी मॅनेजमेंट पॅकवर, म्हणजे इमारतीच्या खर्चाच्या आणि नियमांच्या कागदांवर. इमारतीची व्यवस्था बघणारी कंपनी तो काही शे पौंड घेऊन देते आणि त्यात काही आठवडे घालवते. तो घेणारा मिळाल्यावर नव्हे, घर बाजारात आणतानाच मागवायचा. टीए6 (घराची माहिती) आणि टीए10 (घरात काय ठेवणार त्याची यादी) हे फॉर्मही तेव्हाच भरून ठेवायचे. वरचं घर मयत माणसाचं असेल तर प्रोबेट (मयताची मालमत्ता विकायची कोर्टाची परवानगी) मिळालंय का, हे ऑफर देतानाच विचारायचं. अर्ज केलाय एवढ्याने भागत नाही. जुन्या कामांचे कागद हा तिसरा अडथळा. 1 एप्रिल 2002 नंतर खिडक्या बदलल्या असतील तर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) किंवा तत्सम प्रमाणपत्र लागतं, लॉफ्टची (माळ्याची) खोली केली असेल तर बिल्डिंग रेग्युलेशनचं. कागद नसेल तर इन्डेम्निटी पॉलिसीने (त्या उणिवेसाठीच्या विम्याने) बहुधा काम भागतं, पण त्याआधी काऊन्सिलला फोन करून विचारपूस करायची नाही. तशी विचारपूस झाली की पॉलिसी मिळणं जवळपास बंद होतं. घेणाऱ्यालाही हे एजंटकरवी वेळेवर कळवलं पाहिजे.

बँकेचं व्हॅल्युएशन कमी आलं की चेन खरोखर हलते. समजा घर 3,50,000 ला ठरलंय आणि तळचं जोडपं 90 टक्के कर्ज घेतंय, म्हणजे 3,15,000. बँकेच्या माणसाने 3,35,000 लावले, तर कर्ज होतं 3,01,500. खड्डा 13,500 चा. इथे चांगला एजंट दोन कामं करतो. आधी तो जवळच्या तीन विकल्या गेलेल्या घरांच्या किमती जोडून व्हॅल्युएशनवर फेरविचार मागतो. ते जमलं नाही तर वरच्या एजंटांना फोन करून हा खड्डा दोन-तीन घरांत वाटून घेता येईल का ते बघतो. आळशी एजंट तुम्हालाच सांगतो, किंमत कमी करा. तेव्हा विचारायचं, वरच्या घरांना तुम्ही काय विचारलंत?

डिपॉझिटसाठी भारतातून आई-वडिलांचे पैसे येणार असतील तर ते शेवटच्या महिन्यावर ठेवू नयेत. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर पाठवता येतात, आई आणि वडील यांची मर्यादा वेगवेगळी. इथला सॉलिसिटर भेटपत्र, त्यांची ओळखपत्रं आणि बँकेची स्टेटमेंट मागतोच, शिवाय पैसा मुळात कुठून आला हेही. एफडी मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत, आणि ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर. हे सगळं ऑफर स्वीकारतानाच गोळा करावं. नाहीतर बाकी चेन तयार असते आणि अडतं ते आपल्याच घरापाशी.

तळचा घेणारा निघून गेला तर काही जण कर्ज काढून नवं घर आधी घेतात. तो हिशोब नीट मांडून मगच निर्णय घ्यावा. इंग्लंडमध्ये 5,00,000 च्या घरावर एरवी 15,000 पौंड स्टॅम्प ड्यूटी बसते. जुनं घर नावावर असताना ती 40,000 होते. जुनं घर तीन वर्षांत विकलं तर वरचे 25,000 परत मागता येतात, पण आधी रोख भरावे लागतात.

शुक्रवार

शुक्रवार हा ताब्यांचा लाडका वार, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. पैसे चॅप्सने (त्याच दिवशी पैसे पोचवणाऱ्या बँक-पद्धतीने) तळापासून वर सरकतात, एका घराचे पोचले की पुढच्याचे निघतात. प्रचलित करारात दुपारी 2 ही वेळ असते. पाच घरांच्या चेनमध्ये शुक्रवारी एक बँक रेंगाळली, तर सामान भरलेली गाडी सोमवारपर्यंत दारात उभी. बुधवार किंवा गुरुवार मागा, गाडीवालेही तेव्हा सहज मिळतात.

एक्स्चेंजच्या दिवशी सॉलिसिटर ‘फॉर्म्युला सी’ वापरतात. तळचा सॉलिसिटर करार ठरावीक वेळेपर्यंत, समजा दुपारी 4 पर्यंत, वरच्यासाठी मोकळा करतो, म्हणजे तोवर एक्स्चेंज करायची मुभा देतो, तो त्याच्या वरच्याला, आणि टोकाला पोचलं की एक्स्चेंज वरून खाली येतं. मधला एक माणूस फोनवर नसला की वेळ उलटते आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा. म्हणून आदल्या संध्याकाळी एजंटला एकच काम सांगायचं: प्रत्येक घरातला माणूस आणि त्याचा सॉलिसिटर उद्या उपलब्ध आहेत का, फोन करून खात्री कर. ताबा एक्स्चेंजनंतर किमान एका आठवड्याने ठेवावा. दोन्ही एकाच दिवशी करा म्हणून आग्रह धरणाऱ्या एजंटचं ऐकू नये, कारण तोवर गाडीसुद्धा भरवशाने ठरवता येत नाही.

एजंटने कामच केलं नाही तर आधी त्याच्या कंपनीकडे लेखी तक्रार. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर प्रॉपर्टी ऑम्बड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस, तो ज्या योजनेचा सभासद असेल तिथे. सभासदत्व कायद्याने सक्तीचं आहे, आणि तिथे तुमचा तो भरून घेतलेला तक्ता आणि मंगळवारच्या ईमेलच पुरावा म्हणून चालतात. फी बहुधा सॉलिसिटरच विक्रीच्या पैशांतून वळती करतो. त्याआधी बिल मागवून टक्केवारी आणि व्हॅट करारातल्या आकड्यांशी ताडून बघा. बँक खातं बदललंय असा ईमेल आला, मग तो कुणाच्याही नावाचा असो, तर सॉलिसिटरच्या पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका.