नोंदीत निनावी, पात्यावर दोन अक्षरे : माझा अनुभव

माझे सासर जपानमधले. सासरे गेल्यानंतर घर आवरताना भिंतीतल्या कपाटात, किमोनोंच्या गठ्ठ्याखाली, साध्या लाकडी म्यानातली एक तलवार सापडली आणि म्यानाला दोऱ्याने बांधलेले नोंदणीपत्रही मिळाले. ते शोवा २६चे, म्हणजे १९५१ सालचे होते. त्यावर पात्याची लांबी ६५.१ सेंटीमीटर, बाक १.५ सेंटीमीटर, मुठीच्या खुंटीचे छिद्र एक आणि घडवणाऱ्या लोहाराच्या सहीच्या रकान्यात ‘निनावी’ एवढेच लिहिलेले होते.

जपानमध्ये नोंद बाळगणाऱ्याची नसून तलवारीची असते, आणि ती पोलिसांकडे नव्हे तर प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे असते. तलवारीची नोंदच झालेली नसती तर आधी पोलीस ठाणे, मग नोंदणीची तपासणी आणि ६,३०० येन शुल्क, असा फेरा पडला असता. आम्हाला फक्त मालक बदलल्याचे २० दिवसांच्या आत, ज्या प्रांताने नोंद केली त्या प्रांताला कळवायचे होते. ते टपालाने होते.

तेवढेच करून मी थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मी बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली आणि मुठीत बसणाऱ्या भागावर, ज्याला नाकागो म्हणतात त्यावर, विजेरीचा प्रकाश तिरका पाडला. तेव्हा गंजाखाली काही रेघा दिसल्या. पहिले अक्षर बायकोने लगेच वाचले, ‘काने’. दुसरे ‘मोतो’ असावे असे आम्ही दोघांनी ठरवले, आणि ते ठरवताना आमचा उत्साह डोळ्यांपेक्षा जास्त काम करत होता, हे आज मान्य करतो. मिनो प्रांतातला, म्हणजे आजच्या गिफूमधला, मागोरोकु कानेमोतो हा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला फार नावाजलेला लोहार. मी अर्जासोबत अभिमानाने छायाचित्रे जोडली आणि ‘सही आढळली आहे’ असे ठळक लिहिले.

आठ दिवसांनी नोंद करणाऱ्या कार्यालयातून फोन आला. नोंदीत तलवार निनावी आहे आणि तुमच्या तलवारीवर सही आहे. मग ही तीच तलवार कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता, पण उत्तर देण्याची सोय कोणाकडेच नव्हती. नोंद करणारे कार्यालय म्हणाले की, तुम्ही राहता त्या प्रांतात तलवार दाखवा. आमच्या प्रांतातले कार्यालय म्हणाले की, त्यांचे विनंतीपत्र आल्याशिवाय आम्ही तलवारीला हात लावत नाही. पत्रासाठी एक फॉर्म होता, फॉर्मसोबत सासऱ्यांच्या मृत्यूची नोंद हवी होती, आणि ती पोहोचेपर्यंत तपासणीची तारीख उलटून गेली होती. पुढची तारीख दोन महिन्यांनी होती. सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करायला तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या माणसाला हे नवीन वाटू नये, तरीही प्रत्येक फोनवर इतक्या अदबीने नकार मिळत होता की रागावण्याचीही चोरी झाली होती. असे चार महिने गेले. (तलवार कुठेही नेताना नोंदणीपत्र सोबत ठेवावेच लागते, मूळ पत्र टपालात असताना तिला घरातून हलवू नये.)

प्रत्यक्ष तपासणी अकरा मिनिटे चालली. तपासनिसाने टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत पट्टी धरली, लांबी, बाक आणि छिद्र जुळवले, सहीची दोन अक्षरे टिपून घेतली आणि तीच तलवार असल्याचे मान्य केले. दुरुस्त नोंदणीपत्र हातात आले तेव्हा मला खरेच लढाई जिंकल्यासारखे वाटले.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : नोंदणीपत्र हे अस्सलपणाचे प्रमाणपत्र नव्हे. तलवारीवर काय दिसते एवढेच ते सांगते. पारख वेगळी असते, आणि तिच्यासाठी मी जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे गेलो. तोक्योतल्या र्योगोकु भागातले तलवार संग्रहालय तिचेच. तिच्या प्रमाणपत्रांच्या चार पायऱ्या आहेत : होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो. मी सर्वांत खालच्या पायरीसाठी अर्ज केला, मनात मात्र वरच्या पायऱ्या होत्या.

शेरा आला : सही खोटी.

मग एका जाणकार पॉलिशवाल्याने मला भिंग दिले. धारेला पाणी देताना उमटणारी रेषा, हामोन, आमच्या पात्यावर तीन-तीन सुगी, म्हणजे जपानी देवदार, झाडांच्या ओळीसारखी आहे, आणि ही घडण कानेमोतोचीच खूण म्हणून ओळखली जाते. पण मागोरोकुच्या हातच्या रेषेची टोके गोलसर आणि विषम असतात, आमची करवतीच्या दातांसारखी एकसारखी होती. नाकागोचा जुना गंज काळसर आणि गुळगुळीत होता, अक्षरांच्या कडा मात्र बोटाला टोचत होत्या, म्हणजे ती नंतर कोरलेली. म्हणूनच नाकागोचा गंज कधीही घासू नये. वय सांगणारा साक्षीदार तोच. भिंगातून ते सारे पाहताना मला १९५१ चा ‘निनावी’ आठवला. त्या तपासनिसाला सही दिसली नव्हती, की तेव्हा ती तिथे नव्हतीच?

पॉलिशवाल्याचा सल्ला असा की, खोटी सही काढून टाकावी आणि पाते निनावी म्हणून पुन्हा पारखीला द्यावे. तसे केले तर नोंदणीतही ‘निनावी’ अशी दुरुस्ती करून घ्यावी लागेल. तीच दोन कार्यालये, तेच विनंतीपत्र. फॉर्म मागवला आहे. अजून भरलेला नाही.